तोंडातले टाके : इंटर्न आणि नव्या डेंटिस्टसाठी

टाक्याचं काम घावाच्या कडा जागेवर धरून ठेवायचं. कडा ओढून जवळ आणणं हे त्याचं काम नव्हे. फ्लॅप (हाडावरून उचललेला हिरडीचा पडदा) मुळातच पुरत नसेल, खालचं हाड टोकदार राहिलं असेल किंवा आत दाताचा चुरा अडकला असेल, तर धागा कितीही महागाचा घ्या आणि गाठ कितीही घट्ट मारा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी टाका हिरडी कापत बाहेर येतो. सुटलेल्या टाक्यांची कारणं शोधत गेलं की बहुतेक वेळा चूक सुई हातात घेण्याआधीच झालेली सापडते. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

टाका हवा की नको

एकच दाढ साधेपणाने निघाली, हिरडी फाटली नाही, तर टाक्याची गरज नसते. सॉकेटच्या (दात निघालेल्या खळग्याच्या) दोन्ही भिंती बोटांनी दाबा, ओला करून पिळलेला गॉझ चावायला द्या आणि अर्धा ते पाऊण तास तसाच ठेवायला सांगा. टाका लागतो तो फ्लॅप उचलल्यावर, ओळीने दोन-तीन दात काढून मधली पॅपिला (दोन दातांमधली हिरडीची त्रिकोणी चोच) सुटी झाल्यावर, हिरडी फाटल्यावर, सॉकेटमध्ये रक्त थांबवायला ठेवलेला जिलेटिन स्पंज धरून ठेवायला, पेशंट रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर, आणि वरच्या दाढेच्या सॉकेटमधून सायनस (गालाच्या हाडातली पोकळी) उघडला असेल तर.

सॉकेट पूर्ण झाकलंच पाहिजे असा हट्ट नवे लोक धरतात. तो सोडा. उघड्या सॉकेटमध्ये रक्ताची गुठळी टिकली की ते खालून भरत येतं. ते झाकण्यासाठी गालाकडची हिरडी ओढून आणली तर टाक्यावर ताण येतो, शिवाय गाल आणि हिरडी यांच्यामधली खोली कमी होते. पुढे कवळी बसवताना ती खोली लागते.

धागा निवडताना

आकड्यांपासून सुरुवात करू. ३-० म्हणजे तीन शून्यं; शून्यांची संख्या वाढली की धागा बारीक होतो. ३-० धाग्याची जाडी साधारण ०.२० ते ०.२५ मिमी, ४-० ची ०.१५ ते ०.२० मिमी आणि ५-० ची ०.१० ते ०.१५ मिमी असते. तोंडातलं रोजचं काम ३-० आणि ४-० वर चालतं. हिरडीच्या नाजूक शस्त्रक्रियेला ५-० किंवा त्याहून बारीक, चेहऱ्याच्या कातडीला ५-० किंवा ६-०. जाड धागा जास्त सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. मऊ हिरडीत जाड धागा मोठं भोक पाडतो आणि गाठही मोठी बसते, ती जिभेला सतत टोचते.

काळं, विणलेलं ३-० सिल्क हा कॉलेजच्या ओपीडीतला नेहमीचा धागा. हाताला मऊ, गाठ पक्की बसते, टोकं गालाला टोचत नाहीत, काळा रंग असल्याने काढताना दिसतो आणि स्वस्त आहे. दोष एकच, पण मोठा: विणलेला असल्यामुळे तो वातीसारखी लाळ आणि जंतू आत शोषतो. म्हणून ५ ते ७ दिवसांत तो काढायलाच हवा. दहा दिवस राहिलेल्या सिल्कभोवती हिरडी लाल आणि सुजलेली दिसते, हात लावला की रक्त येतं.

कॅटगट जनावराच्या आतड्यापासून बनतं आणि शरीरातली एन्झाइम्स ते पचवतात. साधं कॅटगट तोंडात तीन ते पाच दिवसांत निकामी होतं. क्रोमिक कॅटगट साधारण आठवडा ते दहा दिवस टिकतं. पाकिटातल्या द्रवातून काढल्यावर ते उघड्यावर वाळलं तर ताठ होऊन तुटतं, म्हणून वापरायच्या वेळीच पाकीट फोडा आणि सलाईनमधून एकदा फिरवून घ्या. भिजत मात्र ठेवू नका, ते फुगतं आणि कमजोर होतं.

पॉलीग्लॅक्टिन, म्हणजे व्हिक्रिल, पाण्याच्या क्रियेने हळूहळू विरघळतं. दोन आठवड्यांनी त्याची सुमारे ७५ टक्के ताकद शिल्लक असते आणि पूर्ण विरघळायला ५६ ते ७० दिवस लागतात. स्नायू आणि खोलचे थर शिवायला ही गोष्ट चांगली. हिरडीवर मात्र महिनाभर लोंबणारा धागा घेऊन पेशंट परत येतो, कारण त्याला ‘आपोआप विरघळेल’ एवढंच सांगितलेलं असतं. वरवरच्या टाक्याला व्हिक्रिल रॅपिड घ्या. त्याची निम्मी ताकद पाचव्या दिवशी जाते आणि १० ते १४ दिवसांत उरलेलीही संपते. लहान मुलं, लांबून येणारे पेशंट, टाके काढायला घाबरणारे, या सगळ्यांसाठी आमची पहिली पसंती त्यालाच.

नायलॉन हा एकेरी गुळगुळीत धागा. जंतू शोषत नाही, पण ताठ असतो आणि पाकिटातली घडी विसरत नाही. तोंडात त्याची टोकं गालाला जखम करतात. त्याला चेहऱ्याच्या कातडीसाठी राखून ठेवा. इम्प्लांट आणि बोन ग्राफ्टसाठी (हाड भरण्याच्या कामासाठी) पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉनच्या जातीचा धागा, चांगला: मऊ, एकेरी, प्लाक कमी धरणारा, दोन-तीन आठवडे ठेवला तरी चालणारा. तो निसरडा आहे, तेव्हा गाठीत जास्त वेढे लागतात, आणि त्याची किंमत पाहता साध्या दाढेला त्याची गरज नाही.

सुई

पाकिटावर सुईचं चित्र असतं, त्याच्याजवळ ती वर्तुळाचा किती भाग आहे आणि टोक कोणत्या जातीचं आहे ते लिहिलेलं असतं. ते वाचायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. तोंडात बहुतेक ठिकाणी तीन-अष्टमांश वर्तुळाची, १६ ते १९ मिमीची, रिव्हर्स कटिंग सुई लागते. मागे, अक्कलदाढेजवळ जागा अपुरी असेल तर अर्ध्या वर्तुळाची घ्या. ती मनगटाच्या कमी सरकण्यात बाहेर येते.

रिव्हर्स कटिंगच का? साध्या कटिंग सुईची तिसरी धार वळणाच्या आतल्या बाजूला असते, म्हणजे घावाच्या कडेच्या दिशेने. धागा त्याच चिरेतून कड कापत येतो. रिव्हर्स कटिंगमध्ये ती धार बाहेरच्या बाजूला असल्याने कड शाबूत राहते. जिभेच्या तळाची किंवा गालाची पातळ, ओलसर त्वचा असेल तर गोल अंगाची टेपर सुई बरी. जाड टाळूवर ती आत शिरतच नाही.

बाकी हत्यारं मोजकी: १५ सेंटिमीटरचा नीडल होल्डर (सुई धरायचा चिमटा), दात असलेला ॲडसन चिमटा, धागा कापायची कात्री, सक्शन. बिनदाती चिमट्याने हिरडी धरली तर ती घसरते, मग हात जास्त दाबतो आणि कड चिरडते. दातेरी चिमट्याने हलकं धरलं की पुरतं.

सुई उचलण्याआधी

फ्लॅप उचलून धरा आणि त्याखाली सलाईनचा भरपूर मारा करा. फ्लॅपच्या बुडाशी, हाड आणि पेरिऑस्टियम (हाडावरचा पातळ पापुद्रा) यांच्या सांध्यात, ड्रिलचा चुरा हमखास साचतो. दोन-तीन आठवड्यांनी तिथेच गाठ येऊन पू होतो आणि दोष टाक्याला दिला जातो. मग हाडाच्या कडेवरून बोट फिरवा. टोक लागलं तर बोन फाइलने घासा आणि पुन्हा धुवा.

आता फ्लॅप टाका न घालता जागेवर ठेवा आणि गाल सोडा. तो तसाच टेकून राहिला तर टाके घालायला हरकत नाही. मागे सरकला, तर फ्लॅपच्या आतल्या बाजूने बुडाशी पेरिऑस्टियम नव्या पात्याने आडवं, उथळ कापा. कापताच फ्लॅप सैल पडलेला हाताला जाणवतो. खालच्या प्रिमोलर भागात हे करताना मेंटल नर्व्हची (खालच्या ओठाकडे जाणाऱ्या नसेची) जागा आधी डोळ्यांनी पाहिलेली असली पाहिजे.

एक सुटा टाका, पायरीपायरीने

१. नीडल होल्डर अंगठा आणि अनामिकेत धरा, तर्जनी दांड्यावर टेकवा. सुई टोकापासून साधारण दोन-तृतीयांश अंतरावर, होल्डरच्या चोचीच्या अगदी पुढच्या भागात पकडा. धागा जोडलेल्या टोकाशी धरली तर सुई तिथे वाकते.

२. सुरुवात सैल बाजूकडून करा, म्हणजे उचललेल्या फ्लॅपकडून हाडाला चिकटलेल्या बाजूकडे. उलट केलं तर सैल कड सुईपुढे पळते आणि फाटते.

३. कडेपासून २ ते ३ मिमीवर सुईचं टोक हिरडीला काटकोनात टेकवा. पॅपिलेच्या टोकाला कधीच नाही. तिच्या रुंद बुडाशी.

४. मनगट फिरवा. सुईला तिच्या वळणानेच जाऊ द्या. सरळ ढकलली तर ती वाकते, हाडावर आपटून बोथट होते किंवा तुटते.

५. दोन्ही कडा एका घासात, म्हणजे सुईच्या एकाच फेरीत, घ्यायचा मोह आवरा. पहिल्या कडेतून सुई बाहेर काढा, पुन्हा धरा आणि मगच दुसरीत घाला. दोन्ही बाजूंना अंतर आणि खोली सारखी हवी. एका बाजूला उथळ आणि दुसऱ्या बाजूला खोल गेलात तर एक कड दुसरीवर चढते.

६. सुई बाहेर येताना टोकाला धरू नका, टोक मोडतं. टोकाच्या मागे धरून वळणानेच बाहेर ओढा. बोटांनी सुई धरायची नाही, एकदाही नाही.

७. धागा ओढून शेवटचे २ ते ३ सेंटिमीटर शेपूट ठेवा आणि गाठ मारा.

८. पुढचा टाका ३ ते ५ मिमीवर. जवळजवळ घातलेल्या टाक्यांमुळे मधल्या पट्टीचा रक्तपुरवठा तुटतो.

गाठ

होल्डर दोन्ही धाग्यांच्या मधे, घावावर धरा. सुईकडचा लांब धागा होल्डरवर दोन वेढे गुंडाळा, होल्डरने शेपूट पकडा आणि हात एकमेकांच्या विरुद्ध बाजूला नेत वेढे सपाट बसवा. कडा टेकल्या की थांबा. दुसऱ्या वेळी एकच वेढा, पण उलट दिशेने गुंडाळायचा, आणि हातही उलट न्यायचे. तिसरा वेढा पुन्हा पहिल्या दिशेने. सिल्कला एवढं पुरतं. नायलॉन आणि पीटीएफईला आणखी एक-दोन वेढे घ्या. दोन्ही वेढे एकाच दिशेने घेतले तर गाठ टेबलावर पक्की वाटते आणि घरी जाऊन सरकते.

घट्टपणा हिरडीच्या रंगावरून ओळखा. धाग्याखाली पांढरी पट्टी दिसली आणि काही सेकंदांत गुलाबी झाली नाही, तर टाका कापून पुन्हा घाला. ‘थोडा घट्ट आहे, चालेल’ असं म्हणू नका: दुसऱ्या दिवशी सूज वाढली की तोच टाका आणखी आवळतो.

गाठ चिरेवर न ठेवता एका बाजूला, शक्यतो गालाकडे सरकवा. सिल्कची टोकं २ ते ३ मिमी ठेवा, कॅटगटची ४ ते ५ मिमी, कारण कॅटगट भिजल्यावर गाठ सैल होते. कापताना कात्रीचं टोक तुम्हाला दिसत असलंच पाहिजे.

सरावासाठी केळ्याची साल बरी, ताण दिला की लगेच फाटते. त्याहून चांगली खाटकाकडची बोकडाची मुंडी. जबड्यावरची हिरडी उचलून, खाली हाड लागत असताना टाके घालायला मिळतात, आणि जागाही तोंडासारखीच अडचणीची असते.

बाकीचे टाके

आठच्या आकड्याचा टाका सॉकेटवर फुली देतो आणि आतला स्पंज धरून ठेवतो. वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) चालू असलेल्या पेशंटला हा टाका घालायचाच. त्याचा आदल्या २४ तासांतला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीचा आकडा) हवा. ४ किंवा त्याहून जास्त असेल तर काम पुढे ढकला आणि त्याच्या फिजिशियनशी बोला. गोळी स्वतःहून बंद करायला सांगू नका.

आडवा मॅट्रेस टाका ताण चांगला घेतो आणि कडा थोड्या बाहेर वळवतो. तो कडेपासून ४ ते ५ मिमीवर घाला. आवळला तर कडेचं रक्त थांबतं, म्हणून त्याच्या जोडीला चिरेवर सुटे टाके ठेवून त्याला सैल राहू द्या. सलग आणि सलग-लॉक टाका कवळीआधी हाड घासून सपाट केल्यावर, लांब चिरेला उपयोगी. वेळ वाचतो, गाठी दोनच. मात्र एका जागी धागा तुटला की सगळी ओळ सैल होते. नव्या माणसाने पहिले काही महिने सुट्या टाक्यांवरच हात बसवावा.

खालची अक्कलदाढ

इथे पहिला टाका सर्वांत महत्त्वाचा: दुसऱ्या दाढेच्या मागच्या, गालाकडच्या कोपऱ्यावर. फ्लॅपचा कोपरा नेमका तिथे बसला तर बाकीचा फ्लॅप आपोआप जागेवर येतो. तो चुकला तर दुसऱ्या दाढेमागे कायमचा कप्पा राहतो आणि त्यात अन्न अडकत राहतं. दुसरा टाका मागच्या चिरेवर. पुढे उभी चीर दिली असेल तर तिथे एक सैल टाका किंवा तोही नाही. पाणी शिरणार नाही इतकं घट्ट बंद करू नका. थोडी वाट राहिली तर आतलं रक्त आणि स्राव बाहेर येतो, सूज आणि दुखणं कमी राहतं.

जिभेकडच्या बाजूला सुई कडेपासून २ ते ३ मिमीवर आणि उथळच ठेवा. लिंग्वल नर्व्ह (जिभेला जाणीव देणारी नस) इथे हाडाच्या आतल्या भिंतीला अगदी लागून असते, काही जणांत हाडाच्या काठाइतकी वर. खोल आणि रुंद घास घेतला तर ती टाक्यात सापडू शकते. दुसऱ्या दिवशी भूल उतरूनही अर्धी जीभ बधिर राहिली, तर ती नोंद करा, वाट पाहत बसू नका, ओरल सर्जनला लगेच दाखवा.

सायनस उघडला असेल तर

भोक २ मिमीपेक्षा लहान असेल तर गुठळी जपणं पुरतं. २ ते ६ मिमीला स्पंज आणि वरून आठच्या आकड्याचा टाका. ७ मिमी किंवा त्याहून मोठं असेल तर गालाकडचा फ्लॅप सरकवून आणावा लागतो, आणि तो नवशिक्याने एकट्याने करू नये. तिन्ही प्रकारांत पेशंटला सांगा: दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, स्ट्रॉने प्यायचं नाही, विडी-सिगारेट नाही. फ्लॅपचे टाके १० ते १४ दिवस ठेवतात.

ओठ आणि जीभ

ओठ फाटून दात तुटला असेल तर तुकडा कुठे गेला हे कळल्याशिवाय शिवू नका. ओठाचा एक्स-रे काढा, तुकडा बरेचदा आतच असतो. ओठाच्या लाल-गोऱ्या सीमेवर भूल देण्याआधीच पेनाने दोन्ही बाजूंना खूण करा. सूज आल्यावर ती रेषा सापडत नाही, आणि १ मिमीची चूकसुद्धा बोलताना समोरच्याला दिसते. ओठात थेट भूल भरण्यापेक्षा ब्लॉक द्या, म्हणजे ओठाकडे येणाऱ्या नसेपाशी भूल द्या. आरपार जखमेत आधी आतली त्वचा शिवा, बाहेरून धुवा, स्नायूला ४-० व्हिक्रिल, मग सीमेवरचा टाका आणि शेवटी कातडीला ६-० नायलॉन. ते पाचव्या दिवशी काढा.

जिभेच्या लहान, न उघडणाऱ्या जखमांना टाका लागत नाही. लागलाच तर विरघळणाऱ्या ३-० किंवा ४-० ने रुंद आणि खोल घास घ्या आणि थोडा सैल बांधा, कारण जीभ सुजते आणि दिवसभर हलते.

तोंड न उघडणारा पेशंट

गुटखा आणि सुपारीमुळे सबम्युकस फायब्रोसिस (गालाची आतली त्वचा ताठ होऊन तोंड कमी उघडणं) झालेले पेशंट महाराष्ट्रातल्या ओपीडीत नेहमी भेटतात. दोन गोष्टी लक्षात ठेवा. गालाची त्वचा ताठ असल्याने फ्लॅप ताणून येत नाही, टाका फाडत निघतो. आणि ती मुळातच पांढुरकी असते, म्हणून रंगावरून घट्टपणा कळत नाही. धागा हिरडीत रुततो का, यावरून ठरवा. छोटी, अर्ध्या वर्तुळाची सुई घ्या आणि फ्लॅप शक्य तितका लहान ठेवा.

घरी पाठवताना

पहिले २४ तास गुळण्या आणि थुंकणं बंद, नंतर ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनच्या दिवसातून दोन गुळण्या. तंबाखू आणि गुटखा बंद. मिश्रीबद्दल वेगळं विचारा, कारण बऱ्याच बायका तिला तंबाखू समजत नाहीत, आणि मिश्री लावणारं बोट थेट टाक्यांवर फिरतं. टाके किती घातले आणि कोणत्या धाग्याचे, हे केसपेपरवर लिहा.

पेशंटला सोडण्याआधी सुई मोजून पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात गेलेली असली पाहिजे. काम चालू असताना ती मोडली तर पेशंटला तोंड मिटू देऊ नका, घशापुढे गॉझ ठेवा, तुकडा दिसला तर धरून काढा, नाही दिसला तर एक्स-रे. बोटात टोचली तर साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, आणि त्याच दिवशी, जमल्यास दोन तासांत, एचआयव्ही प्रतिबंधक औषधासाठी पोहोचा. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. हेपटायटिस बीची लस नोकरीच्या आधीच झालेली हवी.

टाके काढताना

आधी क्लोरहेक्सिडीनने जागा पुसा. चिमट्याने गाठ हलकेच वर उचला, म्हणजे आत दडलेला स्वच्छ धागा किंचित वर येतो. तिथे, हिरडीला अगदी लागून, दोनपैकी एकच धागा कापा आणि गाठ चिरेच्या दिशेने ओढा. विरुद्ध दिशेने ओढलं तर ताजी चीर उघडते. हिरडीपासून लांब कापलं तर बाहेरचा मळका धागा आतून ओढला जातो. दोन्ही धागे कापले तर मधला तुकडा आत राहतो आणि काही आठवड्यांनी तिथे पुवाची पुळी येते. काढलेले टाके गॉझवर ठेवा, केसपेपरवरच्या आकड्याशी जुळवा आणि मगच पेशंटला खुर्चीवरून उठवा.